घटक ३ : ग्रंथालय आणि वाचकांच्या अभ्याससवयी

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर महाविद्यालयीन व विद्यापीठीय ग्रंथालये आपल्या वाचकांच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या, संशोधनविषयक सवयी कोणत्या मार्गांनी जाणून घेतात हे तुम्हांला सांगता येईल. त्या मार्गांच्या मर्यादा ओळखता येतील. आणि स्वतःच्या प्रकल्पासाठी साहित्य शोधताना आपण नेमके काय करतो, याची नोंद ठेवता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संदर्भसाहित्याचे प्रकार आणि ते कोठे मिळते, याचा विचार आपण मागील घटकात केला. तेथे तुम्ही ग्रंथालयाकडे पाहत होता. या घटकात दिशा उलटी आहे. ग्रंथालय तुमच्याकडे कसे पाहते, त्याला तुमच्यातले काय दिसते आणि काय दिसत नाही, हा येथील विषय आहे. विषय ग्रंथालयशास्त्राचा असला तरी तो प्रकल्पलेखनाच्या पुस्तिकेत का घेतला, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी शाहूवाडी तालुक्यात मलकापूर येथे एका संपर्क सत्रासाठी मी गेलो होतो. मराठीच्या पदवी अभ्यासक्रमाला बसलेली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. वय चाळिशीच्या आसपास, गावी अंगणवाडी सेविका, घरची भातशेती. प्रकल्पासाठी तिने विषय निवडला होता, ‘शाहूवाडी परिसरातील भातशेतीची शब्दसंपदा’. वहीच्या पानांचे तुकडे करून त्यांवर तिने शब्द उतरवले होते : धूळवाफ, तरवा, चिखलणी, रोपलागण, इरले. प्रत्येक शब्दाखाली तो कोणाच्या तोंडून ऐकला, हेही लिहिले होते. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गातही इतकी नेटकी सामग्री सहसा पाहायला मिळत नाही. पण तिचा चेहरा उतरलेला होता. रजा काढून, एसटीने प्रवास करून ती जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली होती. “भातशेतीच्या शब्दांवर पुस्तक आहे का?” असे तिने विचारले. “या विषयावर पुस्तक नाही,” असे उत्तर मिळाले. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून वाचनकक्षात वर्तमानपत्र चाळत ती बसली आणि गावी परतली. मला तिने एवढेच विचारले, “सर, माझा विषयच चुकला का? दुसरा घेऊ?”

पुढे त्याच ग्रंथालयात जाण्याचा योग आला, तेव्हा मी थोडा शोध घेतला. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड संदर्भ विभागाच्या कुलूपबंद कपाटात होते. ना. गो. कालेलकरांचे ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ भाषेच्या कपाटात होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गावगाडा’ समाजशास्त्राच्या पुस्तकांत होता आणि भातपिकावरील पुस्तके शेतीच्या विभागात. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी भाषेचा क्रमांक ४९१.४६ आणि भातपिकाचा ६३३.१८. तिचा प्रश्न या दोन क्रमांकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला होता. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘पुस्तक’ या शब्दाचा अर्थ ‘त्या शीर्षकाचे पुस्तक’ असा घेतला. तिच्या मनात मात्र ‘या कामाला उपयोगी पडेल असे काहीही’ हा अर्थ होता. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते.

आता त्या दिवसाच्या नोंदी पाहा. प्रवेश नोंदवहीत तिचे नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही होती. म्हणजे त्या दिवशी ग्रंथालयाचा ‘उपयोग’ करणाऱ्यांत तिची गणना झाली. देवघेव नोंदवहीत तिचे नाव नव्हते. तिने विचारलेला प्रश्न मात्र कोणत्याच वहीत नव्हता, कारण परत गेलेला प्रश्न लिहून ठेवण्यासाठी वहीच नव्हती.

ग्रंथालयाला आपला वाचक ओळखायचा असेल, तर अशा प्रश्नापर्यंत त्याने कसे पोहोचावे?

३.३ नोंदींतून दिसणारा वाचक

सर्वांत जुना मार्ग मोजणीचा. अमेरिकेतील पोमोना कॉलेजमधील ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांपुढे १९२७ साली एक साधा व्यावहारिक प्रश्न होता : लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? चार प्राध्यापकांचे मत विचारून यादी करता आली असती. त्यांनी तसे केले नाही. रसायनशास्त्रातील एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकाचा एका वर्षाचा खंड घेऊन त्यातील लेखांच्या तळटीपांत कोणत्या नियतकालिकांचे उल्लेख किती वेळा आले, ते त्यांनी मोजले. त्यातून जर्मन नियतकालिकांचे महत्त्व इतके ठळकपणे पुढे आले की, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचता आले पाहिजे, असे त्यांनी सुचवले. तळटीप हा संशोधकाच्या वाटचालीचा मागे राहिलेला ठसा असतो, ही दृष्टी येथून रुजली. आज तिला आपण उद्धरण-विश्लेषण म्हणतो.

दुसरी मोजणी देवघेवीची. पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये ग्रंथालयात दाखल झालेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही कोणी घरी नेलेली नव्हती, असे त्यात आढळले. या निष्कर्षावर प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. पुस्तक घरी नेले नाही म्हणजे ते वाचले गेले नाही, असे कसे म्हणता येईल? कपाटाशी उभ्या उभ्या चाळलेले पुस्तक, वाचनकक्षात बसून टिपणे काढून जागेवर ठेवलेले पुस्तक कोणत्याच आकड्यात येत नाही. आक्षेप रास्त होता. तरी तो अभ्यास निरुपयोगी ठरत नाही. खरेदीसमितीत बसलेल्या प्रत्येक अध्यापकाने तो एकदा वाचावा, असे मी म्हणेन.

आपल्याकडे या मोजणीला आणखी एक निमित्त आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था ग्रंथालयाचा दैनंदिन उपयोग किती विद्यार्थी व अध्यापक करतात, याची माहिती मागते. त्यामुळे दारातली नोंदवही काळजीपूर्वक ठेवली जाते, हे चांगलेच आहे. पण वही माणसे मोजते, त्यांची कामे मोजत नाही. दोन तास पंख्याखाली बसून गेलेला आणि दोन तासांत आपल्या प्रबंधाची दिशा सापडलेला, या दोघांच्या सह्या एकाखाली एक येतात.

३.४ विचारून मिळणारी उत्तरे

मग वाचकांना विचारावे. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर व संशोधन प्रबंधांत प्रश्नावली हे फार लोकप्रिय साधन आहे. ‘तुम्ही ग्रंथालयात किती वेळा येता? तालिका पाहता का? ग्रंथालयाच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ असे प्रश्न, पुढे चौकटी, चौकटीत खूण.

भाषेच्या अभ्यासकाला या पद्धतीविषयी जन्मजात संशय असतो. त्याचे कारण सांगतो. क्षेत्रकार्यात मी एखाद्याला विचारतो, “तुम्ही ‘पाणी’ म्हणता की ‘पानी’?” समोरची व्यक्ती ठामपणे सांगते, “आम्ही ‘पाणी’च म्हणतो.” पाच मिनिटांनी तीच व्यक्ती आत हाक देते, “पावण्यास्नी पानी आण गं.” ती खोटे बोललेली नसते. आपण कसे बोलतो याविषयी तिच्या मनात जे चित्र आहे, ते तिने सांगितलेले असते. पीटर ट्रडगिल यांनी इंग्लंडमधील नॉरिच शहरात केलेल्या अभ्यासात तर उलटाही प्रकार दिसला : अनेक पुरुष प्रत्यक्षात प्रमाण रूपे वापरत होते, आणि आपण ती वापरत नाही असे सांगत होते. सांगणे आणि करणे यांतील अंतर हीच तेथे अभ्यासाची सामग्री ठरली.

वाचनसवयींचेही असेच आहे. “तुम्ही तालिका पाहता का?” असे एखाद्या प्राध्यापकाला विचारले, तर उत्तर बहुधा ‘होय’ येईल, कारण प्राध्यापकाने ती पाहावी अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो ओळखीच्या शिपायाला सांगून पुस्तक मागवत असेल. मीही वर्षानुवर्षे तेच केले आहे.

यावर एक उपाय असा की, सर्वसाधारण सवय विचारूच नये. एखादा घडलेला प्रसंग विचारावा. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेली ‘निर्णायक प्रसंग पद्धती’ मूळची मानसशास्त्रातली, पण ग्रंथालयांनी ती पुढे उचलली. “तुम्ही संदर्भ कसे शोधता?” याऐवजी “मागच्या खेपेस तुम्हांला हवा असलेला एक संदर्भ सांगा. तो हवा आहे हे केव्हा लक्षात आले? पहिल्यांदा कोणाला विचारले? मिळाला का? नसेल, तर पुढे काय केले?” असे विचारायचे. शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. शाहूवाडीच्या आपल्या विद्यार्थिनीची गोष्ट या एका प्रश्नाने बाहेर आली असती.

३.५ लिहून घेणे, सोबत राहणे, पाहणे

कॉन्स्टन्स मेलन या अभ्यासिकेने अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका विद्यापीठात दोन वर्षे एक वेगळा प्रयोग केला. त्याचा लेख १९८६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या सुमारे ६००० विद्यार्थ्यांकडून लेखनाच्या तासांत, ग्रंथालयात संदर्भ शोधताना काय वाटले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घेण्यात आले. प्रत्येक वर्गातील ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी आपला पहिला अनुभव भीती किंवा अस्वस्थता या शब्दांत वर्णिला होता. मेलन यांनी याला ‘ग्रंथालय-भय’ अशा अर्थाची संज्ञा दिली. या भयाची तिने केलेली उकल मला फार मोलाची वाटते. विद्यार्थ्याला वाटते, इतरांना हे सगळे येते, मलाच येत नाही. न येणे ही लाजेची गोष्ट आहे. आणि विचारले, तर ती उघडी पडेल. म्हणून तो विचारत नाही.

वीस वर्षांच्या खंडानंतर शिक्षणाकडे वळलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. शेजारी बसलेली अठरा वर्षांची मुले सराईतपणे संगणकावर काही शोधत असतात, तेव्हा आपल्या मनात जे येते, ते आपल्या वयामुळे येते असे वाटते. मेलन यांचे विद्यार्थी बहुतांशी त्याच वयाचे होते.

कॅरल कुल्थाऊ यांनी याच सुमारास विद्यार्थ्यांकडून शोधकाळातील दैनंदिनी लिहून घेतल्या आणि शोधप्रक्रियेचे सहा टप्पे मांडले : आरंभ, विषयनिवड, चाचपणी, नेमकी दिशा ठरणे, संकलन आणि मांडणी. त्यांच्या अभ्यासाचा गाभा तिसऱ्या टप्प्यात आहे. विषय निवडल्यावर वाटणारा उत्साह चाचपणीच्या काळात मावळतो. माहिती परस्परविरोधी वाटते, गोंधळ वाढतो, आत्मविश्वास खचतो. दिशा सापडल्यावर तो परत येतो. “विषयच चुकला का?” हा प्रश्न याच टप्प्यावरचा असतो, आणि अनेक चांगले प्रकल्प याच टप्प्यावर सोडून दिले जातात. ग्रंथालयाच्या नोंदवहीत मात्र सहाही टप्प्यांवरचा वाचक एकसारखाच दिसतो.

यापुढचे पाऊल रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने टाकले. त्यांनी नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानवशास्त्रज्ञ बाईंना ग्रंथालयात कामावर घेतले. एखाद्या वस्तीत राहून तेथील लोकजीवन समजून घ्यावे, त्या रीतीने २००४ ते २००६ या काळात पदवी विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. विद्यार्थ्यांना कॅमेरे देऊन अभ्यासाची आवडती जागा, नेहमी जवळ बाळगण्याच्या वस्तू, ग्रंथालयात हरवल्यासारखे वाटते ती जागा, अशी छायाचित्रे काढायला सांगितले. दिवसभर कोठे कोठे गेलो, हे नकाशावर नोंदवायला सांगितले. लेखन पूर्ण झाल्यावर ‘हा निबंध पहिल्या दिवसापासून कसा घडला, ते चित्र काढून सांगा’ अशा मुलाखती घेतल्या.

हाती काय लागले? विद्यार्थी अभ्यासाला बसतात ते रात्री उशिरा, म्हणजे संदर्भसेवेचे कर्मचारी घरी गेल्यानंतर. विषय निवडताना, मजकूर तपासून घेताना त्यांतील अनेक जण ग्रंथपालाला विचारत नाहीत. घरी आईवडिलांना फोन करतात. दुसरा निष्कर्ष वाचून मला हसू आले, कारण आपल्याकडे ‘घरात कोणी शिकलेले नाही’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे फोन करायला तो क्रमांकही नसतो. आमच्या दूरस्थ विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर गंगा उलटी वाहते. आईच्या प्रकल्पाची मुद्रिते बारावीतली मुलगी तपासून देते.

३.६ अध्यापकांच्या सवयी

अध्यापकांविषयी एकच उदाहरण पुरे. रॉचेस्टरमध्येच विद्यार्थ्यांच्या आधी प्राध्यापकांचा अभ्यास झाला होता. विद्यापीठाने संशोधनलेख एकत्र साठवण्यासाठी एक डिजिटल भांडार उभारले होते आणि प्राध्यापक त्यात लेख ठेवत नव्हते. फॉस्टर आणि सुझन गिबन्स यांचा त्यावरील लेख २००५ साली आला. प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन, ते काम करत असताना शेजारी बसून जे दिसले ते असे : त्यांना हवे होते लिहिण्यासाठी सोयीचे ठिकाण, सहलेखकांसोबत एकाच मसुद्यावर काम करण्याची सोय, जुने-नवे मसुदे न हरवण्याची हमी. ग्रंथालयाची माहितीपत्रके मात्र ‘संस्थात्मक भांडार’, ‘दीर्घकालीन जतन’ अशा आपल्या परिभाषेत बोलत होती. दोन्ही पक्षांचे हित एकच असूनही शब्द जुळत नव्हते.

मराठीच्या अध्यापकांचा असा जवळून झालेला अभ्यास मला वाचायला आवडेल. आमच्यापैकी पुष्कळांचे खरे ग्रंथालय घरातल्या मांडणीवर असते. एका ग्रंथाच्या संदर्भसूचीतून दुसरा ग्रंथ, दुसऱ्याच्या प्रस्तावनेतून तिसरा, आणि अडले की जुन्या विद्यार्थ्याला फोन, अशी ही वाट असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची प्रचंड सूची सिद्ध केली, ती किती जण प्रत्यक्ष उघडतात, हे कोणत्याही देवघेव नोंदीवरून कळणार नाही. संदर्भग्रंथ घरी दिलाच जात नाही. जाता जाता : हे दाते आणि ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे यशवंत रामकृष्ण दाते वेगळे. उत्तरपत्रिकांत ही गल्लत वारंवार आढळते.

३.७ न दिसणारा वाचक

आतापर्यंतच्या सर्व अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. अभ्यास झाला तो ग्रंथालयाच्या आवारात असलेल्या किंवा सहज येऊ शकणाऱ्या वाचकांचा. आंबा, गजापूर किंवा येळवण जुगाई येथून कोल्हापूरला येऊन संध्याकाळच्या आत परतू इच्छिणाऱ्या वाचकाचा नमुन्यात समावेश होणे अवघड. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात किंवा १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात ग्रंथसंपदा मोठी आहे. तेथवर पोहोचण्याचा खर्च मात्र प्रत्येकाच्या गावावर अवलंबून असतो.

‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे सूत्र एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले, तेव्हा त्यांच्या मनात दाराशी आलेलाच वाचक नव्हता. त्याही आधी बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय-योजनेत, १९१० नंतरच्या काळात, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्या. आज पेटीचे काम काही अंशी मोबाइल करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर देशातील पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात विनामूल्य वाचायला मिळू लागले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्रीही महाजालावर आहे. पण ‘शोधगंगा’त कोणता शब्द टाकायचा, हा प्रश्न उरतोच, आणि तो काउंटरवरच्या प्रश्नाहून वेगळा नाही. ‘भातशेतीचे शब्द’ टाकून फारसे हाती लागणार नाही. ‘बोली’, ‘कृषिविषयक शब्दसंग्रह’, ‘व्यवसायभाषा’ असे शब्द बदलून पाहावे लागतात.

आपल्या विद्यार्थिनीने विषय बदलला नाही. दुसऱ्या खेपेला ती गेली, तेव्हा पुस्तकाचे नाव न विचारता शब्दांचे तुकडे ग्रंथपालांपुढे ठेवले आणि म्हणाली, “हे शब्द याआधी कोणी नोंदवले आहेत का, ते मला पाहायचे आहे.” ग्रंथपालांनी संदर्भाचे कपाट उघडले. त्या दिवशी तिने शब्दकोशात ‘तरवा’ शोधला आणि कोशातला अर्थ व आपल्या आजेसासूने सांगितलेला अर्थ एकाखाली एक लिहून आणले. त्याच ग्रंथपालांनी नंतर काउंटरवर दोनशे पानी एक वही ठेवली : तारीख, वाचकाने नेमके काय मागितले, त्याला काय दिले, काय देता आले नाही. वाचकाचे शब्द बदलायचे नाहीत, अशी सूचना पहिल्याच पानावर आहे. क्षेत्रकार्याचा हा पहिला नियम त्यांना कोणी शिकवला होता, ते मी विचारले नाही.

३.८ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. प्रवेश नोंदवही आणि देवघेव नोंदवही यांवरून वाचकाविषयी काय कळते व काय कळत नाही, हे तुमच्या परिचयाच्या ग्रंथालयाच्या आधारे लिहा.

२. ‘सर्वसाधारण सवय’ विचारणारा एक प्रश्न घ्या आणि निर्णायक प्रसंग पद्धतीनुसार त्याचे रूपांतर करा.

३. मेलन यांनी वर्णिलेले ग्रंथालय-भय आणि कुल्थाऊ यांचा ‘चाचपणी’चा टप्पा यांतील साम्य-भेद स्पष्ट करा.

३.९ उपक्रम

तुमच्या प्रकल्पासाठी एक आठवडाभर शोध-दैनंदिनी ठेवा. रोज चार ओळी पुरेत : आज काय हवे होते, कोणाला किंवा कोठे विचारले, कोणत्या शब्दांत विचारले, काय मिळाले. घरातले माणूस, शेजारी, तलाठी कार्यालयातील ओळखीचे गृहस्थ, मोबाइलवरील शोध, असे सर्व मार्ग लिहा. ‘हे ग्रंथालय नव्हे’ म्हणून वगळू नका. वेळही लिहा, रात्री अकरा असली तरी. जे मिळाले नाही, ते खोडू नका. पुढील संपर्क सत्राला येताना दैनंदिनीची एक प्रत सोबत आणा आणि दुसरी तुमच्या जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे द्या.